ढकलणं तर रोजचंच आहे, आता ओढायला शिका: व्हीलचेअरवरचा ताकदीचा व्यायाम

व्हीलचेअरवाल्या कुणालाही विचारा व्यायाम करतोस का, तो म्हणतो अरे दिवसभर खुर्ची ढकलतोच की, अजून वेगळा काय करू. मी पण पहिली तीन वर्षं हेच म्हणायचो. २०१४ ला माझा ॲक्सिडेंट झाला, मणका डी१० ला (पाठीचा दहावा मणका) गेला, कमरेखाली काही जाणवत नाही. मग पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून कमोडवर, तिथून परत, नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीतला चढ, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत चक्कर, सगळं हातांवर, आणि दंड चांगले फुगले होते त्यामुळे वाटायचं आपण एकदम फिट. २०१७ च्या थंडीत एका सकाळी उजवा हात वर करून शर्ट घालता येईना. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. आणि आपल्या बाबतीत खांदा गेला म्हणजे नुसता खांदा जात नाही ना, चालणाऱ्या माणसाचा खांदा दुखला तर तो हात गळ्यात अडकवून पंधरा दिवस फिरतो, आपला दुखला तर पलंगावरून उठायलाच माणूस लागतो. आपले खांदे हेच आपले गुडघे, हेच आपले पाय.

फिजिओ मॅडमनी मला तपासलं, पाठीवर दोन बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "दादा, तुमची छाती पैलवानाची झालीय आणि पाठ पेशंटचीच राहिलीय." हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही आणि हा सगळा लेख त्या एका वाक्यावर आहे.

कारण असं की खुर्ची ढकलताना काम करते छाती आणि खांद्याचा पुढचा भाग. दिवसाला हजारांच्या घरात ढकलणं होतं. दोन फऱ्यांच्या मधली जागा (म्हणजे पाठीवर जे दोन पंखासारखे हाडांचे भाग असतात ते फरे), खांद्याचा मागचा भाग, आणि खांद्याच्या आतले छोटे चार स्नायू ज्यांना रोटेटर कफ म्हणतात, यांना त्या मानाने कामच नाही. मग पुढचं घट्ट होत जातं, मागचं ढिलं पडतं, खांदे पुढे झुकतात, आणि खांद्यावर जे हाडाचं छप्पर असतं त्याच्याखालची जागा अरुंद होते. हात वर नेला की तिथली शीर, म्हणजे स्नायूचं टोक, त्या फटीत दाबलं जातं. रोज थोडं थोडं. एक दिवस शर्ट घालता येत नाही.

म्हणून माझा साधा हिशोब आहे, पुढे ढकलण्याचा एक सेट केला तर मागे ओढण्याचे दोन करायचे. पुढचं विसरलं तरी चालेल, पाठ विसरायची नाही.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. १९४८ ला इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याला मार बसलेल्या १६ माजी सैनिकांची स्पर्धा घेतली, आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ तेच, आणि ती स्पर्धा होती धनुर्विद्येची. आता विचार करा, धनुष्याची दोरी ओढताना काय काम करतं? पाठ आणि खांद्याचा मागचा भाग. ओढणंच.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना किंवा फिजिओला एकदा दाखवा, हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाहीये. तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या. एक, माझी हाडं कितपत ठिसूळ आहेत, कारण ज्या पायांवर वर्षानुवर्षं वजन पडलेलं नाही त्यातलं कॅल्शियम कमी होत जातं आणि खुर्चीतून साधं घसरलं तरी मांडीचं हाड मोडू शकतं, आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही, पाय सुजला लाल झाला की मग कळतं. म्हणून पाय कुणी जोरात ओढून ताणत असेल तर त्याला थांबवा. दोन, माझ्या लेव्हलला, म्हणजे मणका जिथे दुखावलाय त्या जागेमुळे, बीपीचा काय प्रॉब्लेम होऊ शकतो (याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, डी६ किंवा त्याच्या वरची, म्हणजे मानेकडची, लेव्हल असेल तर ते आधी वाचा). तीन, बेडसोर. बैठकीच्या जागी जखम उघडी असेल तर बसून व्यायाम बंद, ती भरेपर्यंत पालथं झोपून जेवढं होईल तेवढं करायचं, आणि पालथं झोपून हात बाजूला उचलणं हा पाठीसाठी तसाही उत्तम व्यायाम आहे.

व्यायामाआधी लघवीची पिशवी रिकामी करा किंवा कॅथेटर घालून मोकळे व्हा. हे कायमचं.

खुर्ची आधी

ब्रेक लावायचे हे सगळ्यांना माहीत असतं पण ब्रेक लावायच्या आधी खुर्ची एक वीतभर मागे घ्यायची, म्हणजे पुढची छोटी चाकं फिरून पुढच्या बाजूला जातात आणि खुर्चीचा पाया लांब होतो, पुढे कलंडत नाही. मग ब्रेक. मागे पडू नये म्हणून जी छोटी चाकं येतात ती असतील तर लावून ठेवा. पोटाला ताकद नसेल तर छातीखाली एक रुंद पट्टा बांधा, घरात मऊ ओढणी किंवा उपरणं असतंच, पण गाठ पाठीमागे खुर्चीच्या बाहेर यायला हवी, अंगावर नको, आणि कॅथेटरची नळी पट्ट्याखाली चेपत नाहीये ना ते दोनदा बघा.

आणि एक लक्षात ठेवा. हात डोक्यावर नेऊन वजन उचलताना किंवा मागे बांधलेला रबर पुढे ढकलताना खुर्ची मागे उलटू शकते, तेव्हा पाठ भिंतीला लावून बसा. समोर बांधलेला रबर ओढताना उलट, आपण स्वतः पुढे ओढले जातो, तेव्हा पट्टा हवा, किंवा एका हाताने आर्मरेस्ट धरून एकेक हाताने करा. माझं एकेक हातानेच जास्त चांगलं होतं, घाई नसते आणि कुठली बाजू कमजोर आहे ते कळतं.

सामान

महागडं काही नको. नाशिक सायकलवाल्यांचं गाव आहे, महाजन बंधूंनी २०१५ ला रेस ॲक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून तर सकाळी रस्त्याला सायकलीच सायकली, त्यामुळे कुठल्याही सायकल दुकानात जुनी ट्यूब मागितली की मिळते. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, आतली पावडर धुवून काढा, एक लांब पट्टी तयार. ट्यूब जेवढी लांब धराल तेवढी हलकी, जेवढी आखूड तेवढी जड, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये सगळी वजनं आली. दर महिन्याला ओढून बघायची, कुठे चीर दिसली तर फेकून द्या, तुटून डोळ्याला लागते. विकतचे रेझिस्टन्स बँड पण चांगले, सुरुवातीला सगळ्यात हलका घ्या. वजनाला एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे बरोबर एक किलो, वाळू भरली की दीडच्या वर जाते.

ट्यूब बांधायला खिडकीचं लोखंडी ग्रील उत्तम. दाराच्या कडीला बांधू नका, कुणीतरी दार उघडतं.

आता ओढायचं

आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करा, हात गोल फिरवणं, खांदे वर-मागे-खाली, हवेत हलके ठोसे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो तेव्हा हेच दहा-बारा मिनिटं करायचं, गार खांद्याने एकदम जोर लावला आणि लचकला असं माझंच झालंय.

पहिला व्यायाम रोइंग, म्हणजे नाव वल्हवल्यासारखं. ट्यूब ग्रीलला छातीच्या खालच्या उंचीवर बांधायची, टोक हातात, कोपर बरगडीला घासत मागे न्यायचं. इथे लोक चुकतात ते असं की हाताने ओढतात. हाताने नाही, पाठीने ओढायचं. कल्पना करा दोन फऱ्यांच्या मधे कुणीतरी एक पेन्सिल धरलीय आणि ती तुम्हाला दाबायची आहे. दाबा, दोन अंक थांबा, मग तीन अंक मोजत हळूहळू सोडा, सोडताना ट्यूबने तुम्हाला ओढून न्यायचं नाही, तुम्ही तिला न्यायचं. खांदे कानाकडे चढत असतील तर ट्यूब जड झालीय, लांब धरा. १० ते १२ वेळा, असे ३ सेट, मधे दीड-दोन मिनिटं आराम. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत पण वाकडे-तिकडे होऊन नाही. बारा आरामात झाले आणि अजून दहा होतील असं वाटलं तर ते हलकं आहे.

दुसरा व्यायाम दिसायला एकदम किरकोळ आहे आणि माझा खांदा खरं सांगायचं तर यानेच वाचला. कोपर काटकोनात, बरगडीला चिकटलेलं, मधे घडी केलेला नॅपकिन दाबून धरायचा (नॅपकिन पडला म्हणजे चुकलं), ट्यूब बाजूला बांधलेली, आणि हाताचा पुढचा भाग दार उघडल्यासारखा बाहेर न्यायचा. यात रोटेटर कफच्या बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंचं काम होतं. एकदम हलकी ट्यूब, १५ वेळा, २-३ सेट. इथे जास्त वजनाचा मोह नको, जास्त वजन लावलं की मोठे स्नायू काम हिसकावून घेतात आणि छोटे तसेच राहतात.

तिसरा, ट्यूबची दोन टोकं दोन हातांत, तळवे वरच्या बाजूला, हात समोर छातीच्या खाली, आणि दोन्ही हात बाजूला उघडायचे. फरे एकत्र. १२ ते १५.

चौथा, ट्यूब ग्रीलच्या वरच्या गजाला टाकायची आणि दोन्ही टोकं वरून खाली छातीसमोर आणायची, मानेच्या मागे अजिबात नाही, जिममध्ये कुणी मानेमागे सांगितलं तरी नाही. याने बगलेखालचा पाठीचा मोठा स्नायू तयार होतो, पलंगावरून खुर्चीवर जाताना शरीर उचलायला छातीबरोबर तोच लागतो.

ढकलायचं थोडंच

छातीसाठी ट्यूब खुर्चीच्या पाठीमागून घेऊन पुढे ढकलणं, हलकं, २ सेट, बस. ट्रायसेप्स (दंडाचा मागचा स्नायू) मात्र करा, ट्रान्सफर, म्हणजे पलंगावरून खुर्चीवर वगैरे जाणं, त्याच्यावरच होते, ट्यूब वर बांधून कोपर अंगाला धरून फक्त हात खाली सरळ करायचा. बायसेप्ससाठी (दंडाचा पुढचा स्नायू) पाण्याची बाटली उचला. डोक्यावर वजन नेणं मी हल्ली फार कमी करतो, करायचंच असेल तर हात एकदम बाजूने नाही तर थोडे पुढच्या दिशेने वर न्या आणि दुखलं की तिथेच सोडा.

आर्मरेस्टवर हात टेकून अंग उचलणं, हे सगळेच करतात आणि बेडसोर टाळायला म्हणून आपल्याला शिकवलेलंही असतं. पण त्यात पूर्ण अंगाचं वजन त्याच दाबलेल्या खांद्यावर येतं. ताकदीसाठी ८-१० केले ठीक आहे. बैठकीचा दाब काढायला मात्र उचलण्यापेक्षा पुढे वाकणं बरं, कोपरं गुडघ्यावर टेकवून दीड-दोन मिनिटं, किंवा डावीकडे-उजवीकडे कलणं. दर १५ ते ३० मिनिटांनी एकदा. व्यायामाच्या मधे पण हे करा, सेटच्या नादात अर्धा तास एकाच जागी बसलो असं होतं.

शेवटी छाती मोकळी करायची. पलंगावर उताणं झोपा, चादर गुंडाळून मणक्याच्या रेषेत उभी पाठीखाली ठेवा (मणक्यात रॉड-स्क्रू असतील तर आधी विचारून), हात बाजूला तळवे वर, पाच मिनिटं तसंच पडून रहा. हे मी रोज करतो, व्यायाम नसेल त्या दिवशीही. जगात दुसरं काही करायचा कंटाळा आला तरी हे आणि नॅपकिनवाला सोडू नका.

बोटांत पकड नसेल तर

मान, म्हणजे सर्व्हायकल लेव्हल असलेल्या मित्रांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. आहे. ट्यूबच्या टोकाला मोठा फास करून तो मनगटात किंवा कोपराच्या वर अडकवा, ओढणं तर पाठीचं काम आहे, बोटांचं नाही. डंबेल हाताला क्रेप बँडेजने बांधता येतं, मनगटाला बांधायचे वेल्क्रोवाले वजनाचे पट्टे मिळतात ते अजून सोपे. फक्त घट्ट बांधून अर्धा तास ठेवू नका, बोटांचा रंग बघत रहा.

आणि एक फार महत्त्वाचं, जे घरचे लोक प्रेमापोटी बिघडवतात. सी६ (मानेचा सहावा मणका) सारख्या लेव्हलला मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्यावरच ग्लास धरता येतो, चमचा धरता येतो. ही पकड बोटांच्या शिरा थोड्या आखूड राहिल्या तरच टिकते. म्हणून मनगट मागे वाकलेलं असताना बोटं पण सरळ ताणायची असं एकत्र कधीच करायचं नाही. हातावर टेकून बसतानाही बोटं मिटलेली ठेवा, तळहात सपाट पसरू नका. एकदा ताणून सैल केली की ती पकड परत येणं अवघड.

डी६ आणि त्याच्या वर: हे घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या

या लेव्हलला शरीर खालच्या भागातल्या त्रासाची खबर मेंदूपर्यंत पोचवू शकत नाही, पण त्रास झाला की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी एकदम भडकतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. ओळखायचं कसं, डोकं हातोडा मारल्यासारखं ठणकतं, चेहरा-मान लाल, वरच्या भागाला घाम, अंगावर काटा, नाक चोंदतं. व्यायाम करताना आलेली साधी डोकेदुखी समजून पुढचा सेट करायचा नाही. ताबडतोब सरळ बसायचं, आडवं करायचं नाही कारण आडवं केलं की बीपी अजून चढतं. पट्टे, बूट, मोजे, कपडे सैल करा. मग कारण शोधा, बहुतेक वेळा लघवीच असते, पिशवी भरलीय, नळी मुडपलीय, नसेल तर पोट साफ नाही, नसेल तर कुठेतरी काहीतरी टोचतंय, चेपतंय. कारण मिळून दोन-चार मिनिटांत उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल, आणि तिथे गेल्यावर तोंडाने 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' हा शब्द सांगा, कारण सगळ्यांनाच ते पटकन लक्षात येत नाही. वेळ गेला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून एवढं लिहिलं.

याच मित्रांना उलटही होतं, व्यायामात एकदम बीपी उतरतं, डोळ्यापुढे अंधारी येते. तेव्हा कुणीतरी खुर्ची मागे कलती करून धरायची, पाय वर. आणि तुमच्या नाडीचे ठोके मानेच्या दुखापतीत बऱ्याचदा ११०-१३० च्या वर जातच नाहीत, तेव्हा घड्याळातले ठोके बघून किती दमलो ते ठरवू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम म्हणजे बरोबर.

ऊन पण लक्षात घ्या. नाशिकची हवा थंड म्हणून सगळे कौतुक करतात पण एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या पुढे जातो, आणि वरच्या लेव्हलला दुखापतीच्या खाली घामच येत नाही, म्हणजे अंग गार करायची यंत्रणाच बंद. सकाळी सहाच्या आत उरका, स्प्रेच्या बाटलीने तोंडावर-मानेवर-हातांवर पाणी मारत रहा, ओला टॉवेल मानेवर. थंडीत याच्या उलट चूक होते, पाय गार पडतात म्हणून घरचे गरम पाण्याची पिशवी ठेवतात, शेगडीजवळ बसवतात. जिथे जाणवत नाही तिथे गरम काहीही ठेवायचं नाही. माझ्या ओळखीच्या दोघांचे पाय असे भाजलेत.

दम वाढवायचा

ताकद वेगळी, दम वेगळा. मणक्याच्या दुखापतीसाठी २०१७ ला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून जे नियम ठरवले त्यात फिटनेससाठी कमीत कमी आठवड्यातून २ दिवस २०-२० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि २ दिवस चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूचे ३-३ सेट सांगितलेत. हृदय, शुगर यांच्यासाठी हवं असेल तर ३ दिवस ३०-३० मिनिटं. एवढंच. म्हणजे कुणालाही जमेल.

मी रविवारी पहाटे मुलाला घेऊन गोल्फ क्लबच्या मैदानाकडे जातो, तेव्हा गर्दी नसते. तुमच्या जवळचा कुठलाही सपाट, कमी रहदारीचा रस्ता चालेल, कॉलनीतलं मोकळं मैदान, शाळेचं पटांगण. जाण्याआधी कुणाला तरी गेट बघून यायला सांगा, बऱ्याच ठिकाणी गाड्या शिरू नयेत म्हणून असे लोखंडी पाइप लावतात की खुर्ची जात नाही, आणि तिथे पोचून परत फिरणं फार जिवावर येतं.

ढकलायची पण पद्धत आहे. छोटे छोटे पटापट धक्के नाही, लांब, सलग, मागून धरून पुढपर्यंत, आणि मग हात सोडून रिमच्या खालून परत मागे आणायचा, जसं वल्हं फिरतं तसं. धक्के कमी लागतात, खांदा वाचतो. हात सैल सोडला तर बोटांची टोकं चाकाच्या मधल्या एक्सलला लागली पाहिजेत, लागत नसतील किंवा हात फार खाली जात असेल तर बसायची उंची चुकलीय, उशी किंवा एक्सल बदलून बघा. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, किती ती टायरवरच लिहिलेली असते. हवा कमी असलेल्या खुर्चीवर तुम्ही फुकट खांदा झिजवताय.

पावसाळ्यात रिम ओली होते, हात घसरतो, तेव्हा घरातच ठोसेबाजी करा, तीन मिनिटं मारा, एक मिनिट आराम, पाच वेळा. कोपर पूर्ण झटक्याने सरळ करू नका.

पोहायला मिळालं तर सोडू नका, विशेषतः पाठीवरचं, त्यात हात मागे ओढायचे असतात. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले, त्यांनी १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यातच भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. पण पाण्यात उतरवायला-काढायला दोन जाणकार माणसं हवीत, आणि तलावाच्या खरबरीत काठावर अंग घासलं की जाणवत नाही पण जखम होते, टॉवेल अंथरूनच बसा.

जिममध्ये जायचं असेल तर

मी पहिल्या ज्या जिममध्ये गेलो तिथे मला दारातच विचारलं काही झालं तर जबाबदारी कोणाची. वाईट वाटलं, महिनाभर पुन्हा कुठे गेलो नाही. आता मी जिथे जातो तिथले मालक स्वतः म्हणाले पायरीचं काय करू सांगा. तेव्हा एका ठिकाणी नकार आला म्हणून सोडू नका. पायरीला उत्तर सोपं आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबीचा उतार, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांब जाड प्लायवूड. दोन फुटी फळी टाकून "झाला रॅम्प" म्हणतात तो रॅम्प नाही, त्यावरून माणूस मागे पडतो.

केबलचं मशीन सगळ्यात कामाचं, समोर खुर्ची लावली की ओढण्याचे सगळे प्रकार होतात. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून टाका: न विचारता खुर्चीला हात लावू नका, पाय तुमच्या हाताने सरकवू नका, आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं) करायचा तर अरुंद बेंचवर पाय खाली लोंबकळतात आणि तोल जातो. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच रुंद असतो, पाय बेंचवरच सरळ ठेवून पट्ट्याने बांधतात. तसा बेंच नसेल तर नुसता हट्ट म्हणून करू नका. केलाच तर पट्टे आणि मागे एक माणूस, दोन्ही.

नांदेडच्या भाग्यश्री जाधव, गोळाफेकवाल्या, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्यांच्या हातात देशाचा झेंडा होता. त्यांच्या गटात बसूनच गोळा फेकतात, सीटला बांधून घेऊन. माझ्या जिममधल्या पोरांना मी तो व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून ते मला "काका सांभाळून" म्हणायचे बंद झाले, आता म्हणतात "काका अजून दोन".

खाणं, थोडक्यात

पायांचे मोठे स्नायू काम करत नाहीत म्हणजे आपल्याला कॅलरी कमी लागतात, आणि पोट वाढलं की प्रत्येक ट्रान्सफरला तेवढं जास्त वजन खांद्यावर. भात-पोळी जरा कमी, मोड आलेली मटकी, हरभरे, डाळ, दही, अंडी जास्त, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. मिसळ खा की, नाशिकला राहून मिसळ कोण सोडेल, पण मटकी जास्त, शेव-तर्री कमी, आणि दुसरा पाव नको. लघवीच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका, इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ दोन्ही त्यानेच होतात. किडनीचा काही त्रास असेल तर प्रोटीन पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आठवडा कसा लावायचा

माझा सोमवार आणि गुरुवार ताकदीचा, चाळीस मिनिटं. मंगळवारी ठोसेबाजी, रविवारी मैदान. बाकी दिवशी फक्त नॅपकिनवाला आणि चादरीवर पडून राहणं. सलग दोन दिवस ताकदीचं करत नाही, कारण व्यायाम नसला तरी आपले खांदे सुट्टीवर नसतातच. व्यायाम झाला की कपडे बदलताना बैठक, माकडहाड, टाचा आरशात किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघायच्या, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो भाग मोकळा ठेवा.

दुखण्याबद्दल एक फरक समजून घ्या. दुसऱ्या दिवशी पाठ, दंड जड वाटणं, दाबलं की दुखणं हे चांगलं, दोन दिवसांत जातं. पण खांद्याच्या टोकाला आत कुठेतरी टोचणं, हात एका ठराविक उंचीला गेला की चमक, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हे आलं की ढकलण्याचे व्यायाम पूर्ण बंद, ओढण्याचे हलके चालू ठेवायचे जर त्यात दुखत नसेल तर, ट्रान्सफरला काही दिवस फळी (पलंग आणि खुर्चीच्या मधे ठेवून त्यावरून सरकायची) वापरा किंवा घरच्यांची मदत घ्या, आणि आठवडाभरात कमी झालं नाही तर दाखवा. मी तीन महिने अंगावर काढलं आणि मग नीट व्हायला वर्ष गेलं.

एक वही ठेवा. तारीख, ट्यूब किती लांब धरली (ग्रीलपासून हातापर्यंत टेपने मोजा), किती वेळा केलं, रात्री खांदा दुखला का, हो की नाही. सलग दोन आठवडे बारा-बारा वेळा तीनही सेट नीट झाले आणि रात्रीच्या रकान्यात सगळीकडे "नाही" असेल, तर ट्यूब चार बोटं आखूड धरायची. एक जरी "हो" असेल तर आहे तिथेच रहा.